नियम क्रमांक एकतीस

रुस्तावीच्या भंगार बाजारात तो खोका
किलोवर मिळाला. खरंच, काट्यावर ठेवून.
साडेचार किलो भरला. झुराबने अर्धा सोडला,
म्हणाला, धुळीचे पैसे मी घेत नाही.

पाचव्या मजल्यावर, काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत,
आंबट आलुबुखारच्या बाटल्यांखाली
माझं नेटवर्क मांडलंय:
पडदा तडकलेला लॅपटॉप, तो हल्लेखोर.
चार बटणं गळालेला दुसरा, त्याने मार खायचा.
मधे आठ छिद्रांचा स्विच, त्यातली तीन मेलेली.
आणि पिवळी केबल, टोकं मीच चिमट्याने दाबलेली,
पहिल्या सहा वेळा चुकीची.
नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी,
निळी-पांढरी, हिरवी...
अठ्ठावन्नाव्या वर्षी पाठ झालेली
माझी ही पहिली जपमाळ.

मेमरी तोकडी. तीन आभासी सर्व्हर त्यात,
म्हणजे तीन पोरं आणि एकच गोधडी.
एकाला झोपवल्याशिवाय दुसरं उठत नाही.
परीक्षेची फी मात्र खरीखुरी आहे,
औषधाच्या दुकानातल्या दीड महिन्याच्या रात्रपाळ्या.

खोक्याचा पंखा असा ओरडतो
की अकरानंतर खालचा गुराम
हीटरच्या पाइपवर पाना आपटतो.
घुसखोरी ओळखणारी
सध्या तेवढीच यंत्रणा घरात चालू आहे.

पहिल्या रात्री खोक्याने पासवर्ड विचारला.
मी कारखान्यातून येतो तोच टाकून पाहिला.
उघडला.
(पुस्तकात हे पहिल्याच धड्यात आहे.
खोक्याच्या मालकांनी पुस्तक वाचलेलं नसावं.)

आत एक अख्खं प्रसूतिगृह होतं, बंद पडलेलं.
औषधांचा संगणक, क्ष-किरणांचा संगणक,
कुणीतरी वैतागून लिहिलेलं:
"जुना प्रिंटर, याला हात लावू नका, दारेजान रडते."
एकामागून एक नियम, कोण कुणाशी बोलेल,
कोण नाही. मग एकतिसावा:
"वॉर्ड चारचा टॅबलेट. रात्री नऊ ते दहा.
बाहेर सगळीकडे परवानगी.
कारण: त्सिआलाची आई सलोनिकात कामाला. काढू नका. ओ."

भिंतीला पाडलेलं भोक. रोज तासभर.

मी वीस वर्षं ट्रंक कॉल जोडले आहेत.
कानाला लावलेलं काढून ठेवायचं,
कुणाचं ऐकायचं नाही, हे तिथलं शिस्तीचं वाक्य.
तरी हुंदका तारेतून हाताला कळायचा.
तीन मिनिटं झाली की तोडायचं.
कधी कधी मी घड्याळ उशिरा पाहायचे.
ते कुठल्या वहीत लिहिलेलं नाही.
ओ ने लिहून ठेवलं. ओ माझ्यापेक्षा धीट.

सराव परीक्षेत नेमका हाच प्रश्न आला:
खालीलपैकी कोणता नियम आधी काढाल?
मी बरोबर उत्तर दिलं. हिरवी खूण उमटली.
एक गुण.

आता खोका पुसायला हवा.
दुसऱ्याच्या आठवणींवर अभ्यास करू नये,
हेही पुस्तकातच आहे, आणि पटतं.
त्सिआलाला मुलगा झाला की मुलगी,
आई परत आली की तिथेच
एखाद्या ग्रीक म्हातारीचे पाय चेपत राहिली,
ते खोक्यात नाही. मी शोधलं.

केसांतली पिन काढली. मागच्या बारीक छिद्रात
दहा मोजेपर्यंत दाबून धरायची.
सातला बोट थरथरलं. आठ. नऊ.
सगळे दिवे एकदम पिवळे झाले,
आणि खोका कुणालाच ओळखेनासा झाला.

मग माझा पहिला नियम. पुस्तकात आहे तसा:
कुणाकडूनही, कुठेही, नकार.
खाली एक रिकामी चौकट. कारण?
कर्सर लुकलुकत राहिला.
मी अजून काही लिहिलं नव्हतं
तेवढ्यात गुरामने पाइप वाजवला.