अर्थ

ब्रेक दाबला की उजवा लाल दिवा लागतो.
डावा लागत नाही,
त्याच्याऐवजी डावीकडचा इंडिकेटर मिणमिणतो;
विचारावं एक, सांगतो भलतंच.
गँडरच्या रस्त्यावर पोलिसानं अडवून बजावलं,
"आल्थिया, शुक्रवारपर्यंत."

पेडल दाबून धरायला घरात दुसरं माणूस नाही.
मोडक्या वल्ह्याचा दांडा सीट आणि पेडलच्या मध्ये
ठोकून बसवला,
मागे येऊन चिखलात आडवी झाले.

फ्यूज शाबूत. बल्ब परवाच आणलेला.
उरला हेवर्डनं घातलेला जोड.
तीन वर्षांपूर्वी ट्रेलर लावायला
माझ्या भावानं या वायरी कापल्या,
आणि त्याच उन्हाळ्यात
बाबांच्या खेकड्यांच्या परवान्यावरून आमचं फाटलं.
त्याची शेड रस्त्यापलीकडेच आहे.
मी तिकडे पाठ करून टेप सोलली.

चार थर.
आत तांबं लखलखीत,
पीळ असा की नख शिरेना.
पण तोवर मी तो कापून बसले होते.
पुन्हा घालायला अर्धा तास गेला,
आणि तसा काही जमला नाही.

मग टेस्ट लॅम्पचा चिमटा हौद्याच्या पत्र्याला लावला.
अंधार.
लांब वायर घेऊन थेट बॅटरीला लावला.
पेटला.
म्हणजे करंट इथवर येत होता,
एवढे दिवस येतच होता,
परत जायला वाट नव्हती त्याला.
अर्थ मिळत नव्हता.

दिव्यामागे एक काळी वायर, तिला एकच स्क्रू,
नऊ हिवाळ्यांच्या रस्त्यावरच्या मिठानं फुगलेला,
हिरवट पांढरा.
तो कुणी जोडलेला नव्हता, कुणी बिघडवलेला नव्हता.
मी कधी बघितलाच नव्हता.

पॉलिश पेपरनं पत्रा उघडा पडेस्तोवर घासला,
नवा वायसर, वर बोटभर ग्रीस.
दांडा काढून फेकला,
आत बसून स्वतःच्या पायानं ब्रेक दाबला.

बसल्या जागेवरून मागचे दिवे दिसत नाहीत.
खाडीवरून धुकं चढलेलं,
आरशात नुसती लाली,
एकाची की दोघांची, कळेना.

तेवढ्यात शेडच्या दारातून,
कुणालाच उद्देशून नसल्यासारखं:
"डावा लागतोय."

आणि जरा थांबून,
"सोड. आता परत दाब."

सोडला.
दाबला.