चौदा इंची

"पंधरा इंची घाला," तेगवेन म्हणते,
"रुंद टायर. रस्ता घट्ट धरतील."
गेथिन बोलत नाही.
जॅकवर चढवलेल्या हिरव्या गाडीपाशी
उकिडवा बसून
तारांच्या चाकावर नख वाजवत जातो एकेक.
सैल तार बद्द वाजते. तिथं थांबतो.

"वळणावर कमानीला घासेल,"
हे त्यानं सांगितलेलं कारण.
खरं कारण
त्याच्या आखडलेल्या बोटांत:
एकशेपासष्टच्या वर गेलं
की उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरत नाही,
आणि हे मुलीला कळलं
तर किल्ली तिच्या खिशात.

डिकीतली स्टेपनी मी बाहेर काढली.
नक्षी कोरी. डोलगेथ्लायच्या रस्त्यांचा
एक खडाही अडकलेला नाही.
कडेला चार आकडे: १४०३.
दोन हजार तीन, चौदावा आठवडा.
"नवीच आहे की," तो म्हणाला.
मी अंगठा दाबला. रबरात केसाएवढ्या भेगा उघडल्या.
"पडून पडूनच म्हातारी झाली," मी बोलून गेलो,
आणि जीभ चावली.

तो मात्र हसला.
"मग पाच टाक. चौदाच इंची, अरुंद.
आणि पाचवाही पळव आळीपाळीनं,
कुणाला नुसतं बसवून ठेवायचं नाही."

तेगवेननं बापाच्या हातांकडे पाहिलं,
मग कमानीकडे,
जिथं चांगली चार बोटं जागा होती.

"घासेल खरं," ती म्हणाली.