पोटखराबा

सातबाऱ्यावर एक शब्द असतो, पोटखराबा.
नोकरीच्या पहिल्या वर्षात मी तो
शंभरदा तरी लिहिला असेल, हात न अडखळता.
गट नंबर एकशे सत्तेचाळीस, सव्वीस हेक्टर,
पाटोद्याच्या पुढं, जिथं मांजरा
अजून उडी मारून ओलांडता येते.
मुरूम. वीतभर माती. पिकाखाली काही नाही.

आराखडा मीच काढला :
माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर,
सात हजार खड्डे, अर्ध्यात गिरिपुष्प, अर्ध्यात सीताफळ.
नकाशावर हिरवा स्केचपेन फिरवला
तेव्हा खरंच बरं वाटलं होतं.

आठशे खड्डे झाले, आणि धुरपताबाई देवकते
जेसीबीसमोर येऊन बसली.
घोषणा नाही, काही नाही. तंबाखू मळत बसली.
मग मला म्हणाली, चल, माळ दाखवते.
दिवाळी होऊन गेलेली, गवत पिकून तांबूस.
चाललो तासभर. चंडोल उठायचा पायातून
आणि सरळ वर जाऊन ओरडायचा.
परत आल्यावर म्हणाली, आता मोजे काढ.

एकेक उपसून तळहातावर ठेवत गेली :
ही कुसळी. हा पवना. हे गोंडवळ, फुलोऱ्यात असलं की मेंढरू सोडत नाही.
हे, थांब, हे माझ्या सासूला माहीत होतं.
"तुझ्या मोज्यात आलंय तेवढं तरी
कागदावर लिव्ह की रं."

चैतात तिची मेंढरं खाली काळ्या रानात बसतात.
वाघर लावायची, रात काढायची,
सकाळी लेंड्यांचा थर मागं ठेवून पुढच्या वावरात.
रातीला दोन पायल्या जवारी, ठरलेली.
म्हणजे माळ गवत होतो, गवत मेंढरू,
मेंढराची लेंडी खालची काळी,
आणि ती काळी माझ्या डब्यातली भाकरी.
तीन वर्षं मी त्या गावची भाकरी खात होतो
आणि पोटखराबा लिहीत होतो.

पुढं सगळं गोड झालं असं नाही.
सरपंचाला सीताफळ हवंच होतं, त्याला पायथा दिला,
पाणी जिथं माती कापत होतं तिथं चर राहिले.
माथ्याचे तीन तुकडे पाडले, चुना मारलेले दगड लावून,
दर साली एक बंद.
फुटलेल्या जागी मारवेलीचे ठोंब लावले,
जगले निम्मे. उन्हानं खाल्ले की भानुदासच्या शेळ्यांनी,
यावर ग्रामसभा दुपारपर्यंत चालली.
तिसऱ्या वर्षी पाऊस फिरकला नाही.
बंद तुकडा माघातच उघडावा लागला.
गवत होतं. गुडघ्याइतकं नाही, पण होतं.

माथ्यावरचे आठशे खड्डे तसेच आहेत.
काहींत पाणी साठतं, एकात टिटवीनं अंडी घातली,
एकात धुरपताबाईचं कोकरू पडून लंगडं झालं,
ते ती मला अजून ऐकवते.

सातबाऱ्याचा रकाना बदलत नाही.
साहेब म्हणाले, गवत हे पीक नव्हे.
मी लिहिलं, पोटखराबा, सव्वीस हेक्टर,
आणि सही केली.

मोजे दहादा धुतले असतील.
उजव्यात टाचेपाशी एक कूस अजून आहे,
बूट घातला की टोचते.
कोणत्या गवताची, ते विचारायचं राहिलंय.