नदीच्या उलट

हेलेना सोडलं तेव्हा नुसता शर्ट पुरत होता.
केप जिरार्डोला स्वेटर निघाले,
डॅव्हनपोर्टच्या पुलावर लव्हेल म्हणाला,
हीटर लाव बाई, बोटं आखडली तर उद्या वाजवू काय, कपाळ?

नदी खाली येते, आम्ही वर चाललोय
तिच्या कडेकडेनं, पांढऱ्या व्हॅनमधून,
जिचं मागचं दार आतून दोरीनं बांधलंय.
ड्रम, दोन अँप्लिफायर, कोरीनची उशी
आणि माझी खोकी :
नवा अल्बम, तीनशे तबकड्या, उधारीवर काढलेल्या.
मी गाडी चालवते, टेबल मांडते, सुट्टे सांभाळते.
गाणं मला येत नाही. मोजता येतं.

नवी गाणी नऊ. लोक जुनंच मागतात.
ते कोंबडीचोराचं होऊ द्या! मागून कुणी तरी ओरडतंच.
ड्वेन बासच्या तारा पुसत पुटपुटतो,
पंचवीस वर्षं झाली, कोंबडी अजून शिजेना.

पण पाचवं सुरू झालं
की काउंटरवरचे ग्लास असतील तिथे थांबतात.
संथ आहे. सूर तीन, फार तर चार.
लव्हेल करंगळीत काचेची नळी चढवतो
आणि तारेवरून अशी ओढत नेतो,
जसं बंद घरात कुणी एकटंच
जड कपाट सरकवतंय.

तिसरं कडवं बापाचं.
अकरा वर्षं न उघडलेलं दार,
पायरीवर झाकून ठेवलेलं ताट, मुंग्या.
आत दिवा आहे, बा, मला दिसतो,
आत दिवा आहे, मला दिसतो,
तुला मी दिसत नाही, एवढंच.

ड्यूब्यूकच्या अलीकडे मी पेट्रोल भरत होते
तेव्हा त्याचा फोन वाजला.
काचेतून पाठ दिसत होती फक्त.
बोलत नव्हता. हं. हं.
आणि एकदा : नाही, दर पाच हजार मैलांना बदलतो.
आत येऊन बसला, पट्टा लावला.
म्हाताऱ्याचा होता, म्हणाला.
विचारत होता, गाडीचं ऑइल वेळेवर बदलतोस ना.
आणखी?
आणखी काही नाही.
कोरीन मांडीवर काठ्या वाजवत असते सदा,
ती पुढं बराच वेळ गप्प.

त्या रात्री तिसऱ्या कडव्याशी आला
आणि माइकपासून बाजूला झाला.
मार्चमध्ये स्टुडिओत ते खरं होतं.
आता तबकडीवर कोरलं गेलंय,
माझ्या खोक्यांतल्या एकूण एक प्रतीत दार बंदच आहे.
ड्वेन एकाच सुरावर घुटमळत राहिला
पाहुणा निघताना चपला शोधतो तसा.

मग पुढून आवाज आला.
बियाण्याच्या कंपनीची टोपी घातलेला जाडा माणूस.
परवा रॉक आयलंडला प्रत घेतली होती यानं,
वीसच्या दोन मळक्या नोटा, मी पंधरा परत केले होते.
डोळे मिटून, साफ बेसूर :
आत दिवा आहे, बा, मला दिसतो.

लव्हेलनं त्याला गाऊ दिलं. पुरतं.
गिटार घेऊन मागे मागे गेला,
आंधळ्याचा हात न धरता
बरोबर चालावं कुणी, तसा.
त्या माणसाचं दार कुठलं, कुणी विचारलं नाही.

चौदा प्रती गेल्या. चांगली रात्र.
केबल गुंडाळत लव्हेल टेबलाशी आला,
एक बाजूला ठेव, पत्ता देतो.
त्याच्याकडे वाजवायला काही नाही म्हणा.
मग?
मग काय. ठेव.

सोबत टी-शर्ट घालू का विचारलं.
घाल. सगळ्यात मोठा, दांडगा माणूस आहे.
मी घडी घालत होते तर म्हणाला,
थांब.
अकरा वर्षं झाली.

मी दोन्ही मापांचे घातले.
वहीत एकच लिहिला.