झिरो एरर

मालगाडी चौथ्या गेटवर मला रोज थांबवते,
पलीकडं उद्यमबागेचा आठचा भोंगा होऊन जातो.
मी डबे मोजत उभी: सदतीस, अडतीस,
डिग्रीला मला चौऱ्याऐंशी टक्के होते,
एकोणचाळीस.

गेटपासवर माझं नाव कन्नडात छापून आलं,
तनुज. शेवटचा काना नाही.
त्यांच्या लिहिण्यात तो नसतोच, चूक कुणाची नाही.
पण पहिल्या दिवशी वॉचमन पास हातात धरून
माझ्या खांद्यावरून मागं बघत राहिला,
तनुज नावाचा पोरगा कधी येतोय म्हणून.

ट्रेनी. टोकन दोनशे सतरा. अकरा हजार.
वडगावात आई सांगते, 'इंजिनिअर झाली आमची,'
तेव्हा मी चुलीच्या बाजूला तोंड करून
नखातलं काळं तेल काढत बसते.
कॉलेजात शाल मिळाली होती, नारळ मिळाला होता.
नारळाची चटणी झाली.
शाल आता मागाच्या मोटरीवर असते,
धूळ बसू नये म्हणून.

वर्गातला निहाल बेंगळुरूहून फोटो टाकतो,
काचेची इमारत, गळ्यात निळी पट्टी.
मी फोटो मोठा करून बघते,
त्याच्या डोळ्यांखाली काही आहे का.
असावं असं वाटतं.
वाटतं याची लाजही वाटते.

तिसऱ्या आठवड्यात मी एकशे चाळीस बुश नाकारले.
लाल रंगानं एकेकावर फुली मारली,
हात थरथरला नाही, उलट बरं वाटलं.
कुणीतरी माझ्या सहीनं अडलं होतं.

मल्लाप्पा हट्टीहोळी, लेथवर सव्वीस वर्षं,
डाव्या करंगळीला एकच पेर.
काही बोलला नाही. माझा कॅलिपर घेतला,
चिंधीनं पुसला, मधे काहीच न ठेवता
दोन्ही जबडे मिटले
आणि माझ्यापुढं धरला.
चार शतांश.
मधे काही नसताना, चार शतांश.
'मोदलु झिरो नोडव्वा,' म्हणाला. आधी शून्य बघ, बाई.
आणि रॉकेलचा डबा घेऊन
एकशे चाळीस फुल्या पुसायला बसला.
थोड्या वेळानं मीही बसले.

त्या रात्री झोप नाही.
शाल अंगावर होती तेव्हा मी
मधे काही नसताना किती दाखवत होते?
आणि आता, गेटपाशी उभी असताना,
तेवढंच उलट्या बाजूला?
भिंतीपलीकडं माग चालू होता, खटक-खटक,
त्याला कुणी विचारत नाही.

पहिल्या स्टायपेंडमधनं आईला लुगडं येईल असं घरात ठरलं होतं.
मी खडेबाजारातनं स्वतःचा कॅलिपर आणला
आणि अर्धा किलो कुंदा.
आईनं कुंदा देवापुढं ठेवला, डबी उघडून बघितली,
'एवढ्याचं हे?' एवढंच म्हणाली.

अप्पांनी माग बंद केला, हात पुसत आले.
'काय करूलालीस गे तिथं दिवसभर? दाखव की.'
ताण्यातला एक धागा तोडून पुढं केला.
'ह्याची जाडी सांग.'
मी आधी रिकामे जबडे मिटले. शून्य.
मग धागा.
अठरा.
परत घेतलं. चौदा.
अंगठा जरा जोरात दाबला, नऊ.
'बिघडलंय काय?'
'नाही अप्पा, धागा मऊ आहे.
दाबेल तसं माप बदलतं.'

त्यांनी धागा परत घेतला,
दोन बोटांत फिरवला, डोळे मिटून,
जसा चाळीस वर्षं फिरवत आलेत.
'ऐंशीचा आहे,' म्हणाले.
आणि कुंद्यातला एक तुकडा उचलून
परत मागाकडं गेले.