मंगळवारची मूठ

केमुन्तो मोटरसायकलवरून उतरली,
बाही सारली,
आणि तळ्यात हात घातला, थेट कोपरापर्यंत.
"तळवा दिसतो का?"
नाही, म्हटलं. नुसतं हिरवं दिसतंय.
"मग पाण्यातच जेवण तयार आहे, आडोयो मावशी.
तू वरून उगाच वाढतेस."

उगाच!
कोंडा आणते मी याला नदीपलीकडच्या गिरणीतून,
डोक्यावर, दोन खेपांत.
ओमेना आणते बोटभर लांबीची,
सरोवराकाठच्या बायकांशी घसा बसेपर्यंत घासाघीस करून.
माशांसाठी एक वाटी दळली
की घरच्या कालवणातली एक वाटी जाते.
सुकटीचा वास माझ्या उशीला येतो.
उगाच, म्हणे.

तिनं वहीत दोन तळी आखली.
वरच्या तळ्याला रोज, दहाला आणि चारला.
खालच्याला मंगळ, गुरू, शनी सुटी.
आणि पहाटे अजिबात नको.
रात्रभरात पाण्याचा श्वास सरलेला असतो,
मासे वर येऊन तोंडं उघडतात,
ती भूक नसते, मावशी, ती धाप असते.

सोळा वर्षं
मी धापेला घास घालत आले.

पहिला मंगळवार.
माझी पावलं ओळखून सगळे न्गेगे काठाला आले,
आधणासारखं पाणी उकळलं.
हात रिकामे होते.
घरी वळायचं, तर मी तिथंच
शेजारच्या शेळीला शिव्या देत उभी.
पाच पोरांत उगालीचं एक भांडं खरवडलेली बाई मी,
कुणी तोंड उघडलं
की माझा हात मला विचारत नाही.
एक मूठ टाकली.
एकच.
वहीत लिहिली नाही.

गुरुवारी पुन्हा.
शनिवारी म्हटलं, शनिवारच तर आहे.

तीन महिन्यांनी ओपोंडोची पोरं जाळं घेऊन आली,
गुडघाभर चिखलात, एकमेकांना ढकलत.
तीस मासे वरचे, तीस खालचे,
बादलीत, काट्यावर, परत पाण्यात.
रोज जेवणारे सरासरी दोनशे चाळीस ग्रॅम.
सुटीवाले दोनशे चौतीस.
"सहा ग्रॅम," केमुन्तो म्हणाली,
आणि एवढी हसली की तिचं पेन चिखलात पडलं.
मग तिनं खालच्या तळ्याचं पोतं काट्यावर ठेवलं.
वही पाहिली.
पोतं पाहिलं.
"चार किलो कुठं गेलं?"
उंदीर, मी म्हणाले.
"पोतं तर धड आहे."
हुशार उंदीर, म्हणाले मी.
ओपोंडोचा धाकटा पोरगा खाली बघून
जाळ्यातली गाठ सोडवू लागला,
जी बांधलेलीच नव्हती.

ती रागावली नाही. तेच जड गेलं.
चिखलातलं पेन स्कर्टला पुसलं
आणि मागच्या तारखांवर जात जात
एकेका सुटीपुढं लिहिलं:
मूठ, एक. मूठ, एक.
पान भरलं.
"आता हिशेब खरा झाला," म्हणाली.
"पुढच्या खेपेला मूठ न टाकता बघू.
जमलं नाही तर लिहून ठेव.
मला चोरून वाढलेलं चालेल,
चोरून मोजलेलं नाही."

तर आता मंगळवारी
मी तळ्याच्या वाटेनं जात नाही.
कसाव्याच्या वावरातून लांबचा वळसा घेते,
चपला हातात,
पावलं ऐकू जाऊ नयेत म्हणून.
वाचलेली ओमेना टोमॅटोत शिजते,
धाकटी दोनदा ताट पुढं करते.
मी वाढते.

पण दहा वाजले
की वावराच्या कडेला थांबते जराशी.
बांधापलीकडं पाणी हलतं, किंवा वारा असेल.
हाताची मूठ आपोआप मिटलेली असते,
आत काही नसतं.

वहीत याला रकाना नाही.
केमुन्तोला विचारायला हवं.