उठवणारी

पहाटे तीनला आधी माझा बांबू जागा होतो, मग मी.
टोकाला तारेचा झुपका, आणि लांबी अशी
की माडीवरची काच
रस्त्यात उभं राहून खरवडता येते.
आठवड्याला घरटी दोन पेन्स.
दारांवर खडूनं लिहून ठेवलेलं असतं:
साडेचार. पावणेपाच. पाच.
मला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात.
ओल्डहॅममध्ये आता तेवढंच लागतं.

जोसायाला कधी कुणी उठवलं नाही.
त्याचा माग माडीवर, खिडकीशी.
सुतावर उजेड पडला की हात चालू;
सोमवारी मात्र दारू उतरेपर्यंत बंद,
आणि शुक्रवारी मेणबत्ती विझेपर्यंत ठकाठक.
वेळ घरच्या गाईसारखी होती,
हवी तेव्हा पिळायची.

मग ओढ्याकाठी गिरणी उभी राहिली, पाच मजली,
आणि एका ताग्याचे अठरा शिलिंग
होता होता सहा झाले.
त्या हिवाळ्यात आम्ही माग जाळला.
ओकचं लाकूड. चांगलं जळतं.
तो शेकत बसला, धोटा तेवढा खिशात ठेवून.
बर्फ वितळायच्या सुमारास गेला.
धोटा मी काढून घेतला नाही.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, म्हणतात.
म्हणोत बापडे.
आमची माणसं अंधारात आत जातात, अंधारात बाहेर येतात,
मधे उजाडलं होतं का, हे कोंबड्यालाच विचारा.
गिरणीतलं घड्याळ मालकाचं,
सकाळी पळतं, संध्याकाळी लंगडतं.
सायलस बटरवर्थनं खिशात स्वतःचं घड्याळ नेलं
तर त्याचंच नाव कापलं.

आत एवढा खडखडाट की बोलणं ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं.
बाया एकमेकींचे ओठ वाचतात,
आणि रविवारी चर्चमध्येही, सवयीनं,
आवाज न करता भांडतात.

एनॉक आठ वर्षांचा होता.
तुटलेले धागे जोडायचा, चालत्या मागाखाली रांगत.
एका जानेवारीत त्याच्या काचेपाशी काठी नेली,
आतून खोकला ऐकला,
आणि काठी खाली घेतली.
निजू दे म्हटलं. एक दिवस.

पाचला फाटक बंद झालं.
त्याची पाव दिवसाची मजुरी गेली, आईला दंड वेगळा.
केझिया भर रस्त्यात माझ्या अंगावर आली:
"दया करायची तर स्वतःच्या पैशानं कर, टॅबिथा!"
ओठ वाचायची गरज नव्हती. अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.
मी चार पेन्स तिच्या हातावर ठेवले.
तिनं ते मोजून घेतले.

पुढं गिरणीवर भोंगा बसला.
एका फुंकरीत अख्खं गाव उठतं,
तान्ही मुलं उठतात, आजारी उठतात,
ज्यांना कामच नाही तेही उठून बसतात.
खडूचे आकडे पावसानं धुतले.
बांबूवर आता घेवडा चढतो.
पहिल्या वेळी मागानं नवरा खाल्ला, मला हे काम दिलं;
आता वाफेनं तेही घेतलं.
व्यवहार म्हणतात तो हाच असावा.

एक घर मात्र राहिलंय.
एनॉक आता तिशीचा, केसांत कापूस,
बावीस वर्षं मागांत काढून कान ठार गेलेले.
भोंगा वाजतो, भांडी थरथरतात, तो घोरत असतो.
म्हणून रात्री निजताना तो
पायाच्या अंगठ्याला सूत बांधतो
आणि दुसरं टोक खिडकीतून खाली सोडतो.

साडेचारला मी ते टोक हातात घेते.
चांगलं, पिळाचं सूत. त्यानंच आणलेलं, चोरून.
ताणून धरलं की वर त्याचा श्वास कळतो,
मासा गळाला असावा तसा.

ओढते.
पण आधी शंभरपर्यंत मोजते, सावकाश,
मला आकडे येतात.